मृत सैनिक कोणाचा?

युद्धांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार सेना कोठून निघाली, कोणत्या घाटानें उतरली, तोफा किती होत्या आणि रसद कोठें तुटली, हें सर्व मोठ्या बारकाईनें सांगतात. लढाई संपली म्हणजे पडलेल्यांची संख्या देऊन ते पुढल्या मोहिमेकडे वळतात. त्या संख्येंतील माणसांचें पुढें काय झालें, हा प्रश्न इतिहासाचा नसून पलटणीच्या कारकुनाचा आहे, अशीच जणूं त्यांची समजूत असते. आमचें मत याहून निराळें आहे. रणांत पडलेल्या शिपायाचा देह राजसत्ता कोठें नेते, कोणाच्या खर्चानें नेते आणि कोणाला विचारून नेते, यावरून ती सत्ता जिवंत शिपायाला काय लेखीत होती हें जितकें स्पष्ट दिसतें, तितकें तिच्या जाहीरनाम्यांवरून दिसत नाहीं. आगबोट, आगगाडी, विमान हीं केवळ साधनें होत. तीं हातीं असतांही कित्येक राष्ट्रांनीं आपले मृत परभूमींत ठेवले, आणि तीं हातीं नसतांही कित्येकांनीं ते घरीं आणले. तेव्हां मेलेला शिपाई सरकारचा, सोबत्यांचा कीं घरच्यांचा, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचीं निरनिराळ्या काळीं दिलीं गेलेलीं उत्तरें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्राचीनांपैकीं अथेन्सचें उत्तर आम्हांस सर्वांत विचारपूर्वक दिलेलें वाटतें. इ. स. पूर्वीं ४३१ च्या हिवाळ्यांत झालेल्या विधीचें वर्णन थ्युसिडिडीजनें करून ठेविलें आहे. पडलेल्यांच्या अस्थि नगरांत आणून एका मंडपांत ठेवीत, आणि आप्तांनीं आपापल्या माणसाला जें काय अर्पण करावयाचें तें तेथें येऊन करावें, अशी मोकळीक असे. मग सुरूच्या लांकडाच्या दहा पेट्या, नगराच्या दहा गणांपैकीं प्रत्येकाची एक याप्रमाणें, गाड्यांवर घालून नेत. त्यांच्याबरोबर एक रिकामी शय्या वस्त्रानें आच्छादून चाले. ज्यांचे देह सांपडले नाहींत त्यांच्यासाठीं ती असे. पेरिक्लीजचें सुप्रसिद्ध भाषण झालें तें याच प्रसंगीं. आमच्या महाविद्यालयांतून तें भाषण पिढ्यान् पिढ्या शिकविलें जातें, पण त्या रिकाम्या शय्येकडे विद्यार्थ्यांचें लक्ष क्वचित् वेधलें जातें. प्रथम घरच्यांचा हक्क, मग नगराचा, आणि जो हरवला त्यालाही जागा: इतका समतोल पुढील दोन हजार वर्षांत फारसा कोणास साधला नाहीं. मॅरेथॉनच्या वीरांस मात्र त्यांचा विशेष गौरव म्हणून रणभूमीवरच ठेवलें होतें, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे. घरीं आणणें हा मान, कीं जेथें पडला तेथेंच ठेवणें हा मान, हा वाद तेव्हांपासूनचा आहे.

देह घरीं न आल्यानें काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास मराठी वाचकाला ग्रीस देशांत जाण्याचें कारण नाहीं. १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांचा देह शत्रूच्या हातीं लागला. तो पेंढा भरून स्वदेशीं न्यावा, अशी भाषा अफगाण छावणींत निघाली असतां शुजाउद्दौल्यानें मध्यें पडून त्यावर अग्निसंस्कार करविला, असें काशिराजाच्या हकीकतींत आहे. भाऊसाहेबांचा म्हणूनही एक देह ओळखला गेला. परंतु ती ओळख पुण्यास पटली नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. आणि ज्या घरांत चिता पाहिली गेली नव्हती, त्या घराच्या नांवावर पुढें पंधरा वर्षें एक तोतया जगला. कोकणांत त्याला माणसें मिळाली, किल्ले मिळाले. पेशवाईचे कारभारी त्यापायीं बेजार झाले, आणि १७७६ सालीं त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत तें प्रकरण मिटलें नाहीं. भावना बाजूस ठेवून निव्वळ राज्यकारभाराच्या दृष्टीनें पाहिलें, तरी मृताची खात्रीची ओळख ही किती मोलाची गोष्ट आहे, हें यावरून दिसून येईल.

अर्वाचीन काळीं या कामाची पद्धतशीर व्यवस्था प्रथम अमेरिकेनें लावली. पण आरंभीं तिचीही स्थिति कांहीं निराळी नव्हती. १८६१ त यादवी युद्ध पेटलें तेव्हां मृतांची निगा राखणारें असें एकही खातें संयुक्त संस्थानांजवळ नव्हतें. मे महिन्यांत अध्यक्ष लिंकनचा तरुण स्नेही कर्नल एल्सवर्थ मारला गेला. त्याच्या देहांत औषधी द्रव्यें भरून तो टिकविण्यांत आला आणि अध्यक्षांच्या निवासस्थानीं दर्शनासाठीं ठेवण्यांत आला. तो पाहून लोकांच्या ध्यानांत आलें कीं, शेंकडों मैल दूर पडलेला मुलगाही ओळखूं येईल अशा स्थितींत घरीं येऊं शकतो. लगेच ही विद्या जाणणाऱ्यांचे तंबू सैन्याच्या मागोमाग हिंडूं लागले. त्यांत कांहीं प्रामाणिक होते, कांहीं लुबाडणारे होते. इतके कीं शेवटीं सैन्याला त्यांच्यासाठीं परवान्याचा नियम करावा लागला. पण मुख्य दोष लुबाडणुकीचा नव्हता. पैसे मोजूं शकणाऱ्या घरचा अधिकारी आगगाडीनें परत येई आणि शेतकऱ्याचा मुलगा खंदकाच्या कडेला पुरला जाई, हा खरा दोष होता. १८६५ च्या वसंतांत स्वतः लिंकनचा देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत सुमारे सोळाशें मैल आगगाडीनें गेला, आणि वाटेंतील शहरोशहरीं लोकांनीं त्याचें दर्शन घेतलें. त्या गर्दींत अशा कितीतरी आया असतील कीं ज्यांच्या मुलांची जागासुद्धां कोणास ठाऊक नव्हती.

या विषमतेवर सरकारनें जो उपाय केला तो प्रचंड होता. १८६२ च्या कायद्यानें राष्ट्रीय स्मशानभूमींची स्थापना झाली. युद्ध संपतांच रानावनांतून, शेतांतून, रस्त्यांच्या कडेनें शोध घेऊन देह उकरून काढण्यांत आले, आणि १८७० पर्यंत जवळजवळ तीन लक्ष शिपाई ७३ स्मशानभूमींत नीट पुरले गेले. त्यांपैकीं शेंकडा चाळिसांहून अधिक जणांचीं नांवें लागलीं नाहींत. शिवाय हे सर्व शिपाई उत्तरेचे. दक्षिणेच्या मृतांना या व्यवस्थेंत स्थान नव्हतें. त्यांचे देह त्यांच्याकडील स्त्रियांच्या मंडळांनीं वर्गणी गोळा करून गेटिसबर्गसारख्या ठिकाणांहून आपल्या गांवीं नेले. जिंकणाऱ्याच्या दृष्टीनें हरलेला मृत हा मृतच नसतो, असें म्हणावयाची पाळी येते.

नांवें न लागण्याच्या या अनुभवांतून पुढें एक लहानशी वस्तु जन्मास आली. १८९८ त स्पेनशीं युद्ध झाल्यावर क्यूबा व फिलिपाइन्स येथें पडलेल्या सामान्य शिपायांचे देह सरकारी खर्चानें मायदेशीं आणण्याचें काम अमेरिकेनें हातीं घेतलें. मनिला येथें हें काम पाहणारा पलटणीचा पाद्री चार्ल्स पिअर्स यानें अशी सूचना केली कीं, प्रत्येक शिपायाच्या गळ्यांत त्याच्या ओळखीचा बिल्ला असावा. १९०६ त तसा हुकूम निघाला. १९१६ त एकाचे दोन बिल्ले झाले, एक देहाबरोबर राहण्यासाठीं व एक दप्तरासाठीं. आगबोटीपेक्षां आणि विमानापेक्षांही या धातूच्या चकतीनें अधिक माणसें घरीं आणलीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या महायुद्धांत हा प्रश्न एकदम लाखांच्या घरांत गेला, आणि तीन मित्रराष्ट्रांनीं त्याचीं तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं. इंग्लंडचें उत्तर सर्वांत कठोर होतें. एप्रिल १९१५ मध्यें प्रसिद्ध मुत्सद्दी ग्लॅडस्टन याचा नातू, पार्लमेंटचा तरुण सभासद, फ्रान्समध्यें पडला. राजाच्या खास अनुमतीनें त्याचा देह स्वदेशीं आणून हॉर्डन या त्याच्या गांवीं पुरण्यांत आला. फेबियन वेअर नांवाचा एक गृहस्थ त्या वेळीं आघाडीवर होता. लढण्याचें वय उलटून गेल्यामुळें सैन्यानें त्याला घेतलें नव्हतें. म्हणून तो रेडक्रॉसच्या मोटारींची एक तुकडी चालवीत होता, आणि तें करतां करतां कबरींची नोंद ठेवण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें होतें. जें ग्लॅडस्टनच्या घराला मिळालें तें खाणींत खपणाऱ्या मजुराच्या घराला मिळणार नाहीं, हें त्यानें ओळखलें, आणि देह परत नेण्यास सरसकट बंदी करविली. १९१७ त त्याच्याच खटपटीनें इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालें. ब्रिटिश म्युझियमचे संचालक सर फ्रेडरिक केन्यन यांनीं १९१८ त त्या कमिशनसाठीं जो अहवाल लिहिला, त्याचें सार एका शब्दांत समता हें आहे. सेनापति आणि शिपाई यांच्या कबरीवर एकाच मापाचा दगड. धनवंताला संगमरवरी मनोरा बांधण्याची मुभा नाहीं. आणि देह कोणाचाही घरीं जावयाचा नाहीं. घरच्यांना बोलण्यासाठीं दगडाच्या पायथ्याशीं काय तीं ६६ अक्षरें ठेवलीं होतीं.

या निर्णयाविरुद्ध इंग्लंडांत मोठा क्षोभ उसळला. लीड्स शहरांतील एका मातेच्या पुढाकारानें आपल्या मुलांचे देह परत मागणाऱ्यांची संस्था निघाली. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनीं हजारों सह्यांचा अर्ज करून, निदान दगडाऐवजीं क्रूस उभारूं द्या, एवढेंच मागितलें. ४ मे १९२० रोजीं पार्लमेंटांत यावर वादविवाद झाला. कमिशनच्या बाजूनें किप्लिंगचें पत्र वाचून दाखविण्यांत आलें. किप्लिंगचा एकुलता एक मुलगा १९१५ त लूस येथें नाहींसा झाला होता आणि बापाच्या हयातींत त्याचा देह सांपडला नाहीं. ज्यांना उभें राहण्यास एक कबर तरी आहे त्यांनीं आपलें भाग्य ओळखावें, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. हा युक्तिवाद बिनतोड होता असें नाहीं, परंतु तो करणाऱ्यापुढें कोणाची जीभ रेटणार! कमिशनचा जय झाला.

अमेरिकेनें याच्या उलट प्रत्येक घराला पत्र धाडून विचारलें: देह घरीं पाठवूं, राष्ट्रीय स्मशानभूमींत पुरूं, कीं युरोपांतच ठेवूं? फ्रेंच सरकारला हा बेत रुचला नव्हता. आधींच मोडकळीस आलेल्या आपल्या आगगाड्यांवरून पेट्यांच्या रांगा जाव्यात हें त्याला नको होतें. पण १९२० त वाट मोकळी झाली आणि सुमारे ४६ हजार देह अटलांटिक ओलांडून परतले. सुमारे ३१ हजार घरच्यांच्या इच्छेनें तेथेंच राहिले. २३ मे १९२१ रोजीं न्यू जर्सींतील होबोकनच्या धक्क्यावर पांच हजारांहून अधिक पेट्या एका ओळीनें मांडल्या असतां अध्यक्ष हार्डिंग यांनीं त्यांच्यापुढें भाषण केलें. एवढा श्रोतृसमुदाय आणि इतका नि:शब्द, कोणत्याही वक्त्याच्या वांट्यास क्वचितच आला असेल. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मात्र आपला वैमानिक मुलगा क्वेंटिन जेथें कोसळला तेथेंच राहूं द्यावा, असें युद्धखात्यास आग्रहानें कळविलें होतें. दैवगति अशी कीं, १९५५ त तोच देह उकरून, दुसऱ्या महायुद्धांत वारलेल्या वडील भावाच्या शेजारीं नॉर्मंडींत नेण्यांत आला. एकदां विचारण्याची प्रथा पडली म्हणजे बापाचें उत्तर हें शेवटचें उत्तर ठरत नाहीं.

ज्यांनीं आपले मुलगे युरोपांत ठेवले त्या मातांना व विधवांना १९३० ते १९३३ या काळांत अमेरिकन सरकारनें स्वतःच्या खर्चानें कबरींच्या दर्शनास नेलें. सहा हजारांहून अधिक स्त्रिया गेल्या. पण निग्रो मातांना वेगळ्या आणि हलक्या बोटींतून नेण्यांत आलें. ज्या सरकारनें प्रत्येक घराला आदरानें विचारलें, त्याच सरकारनें बोटीच्या शिडीवर रंग पाहिला. समतेचा टेंभा मिरविणारें कोणतेंही राष्ट्र या विषयांत पूर्ण निर्मळ सांपडत नाहीं, हें येथें सांगून ठेवणें बरें. कारण आमच्या घरच्या हकीकतीकडे आम्ही लवकरच येणार आहों.

फ्रान्सनें युद्ध चालू असतां देह हलविण्यास बंदी केली होती. बंदी असतांही कित्येक बाप रात्रीं माणसें लावून आपल्या मुलांचे देह गुपचूप उकरून नेत. अखेर ३१ जुलै १९२० च्या कायद्यानें सरकारनें हार खाल्ली आणि स्वतःच्या खर्चानें सुमारे २ लक्ष ४० हजार देह त्यांच्या गांवीं पोहोंचविले. त्याच वर्षीं ११ नोव्हेंबर रोजीं लंडन व पॅरिस येथें एकेक अनामिक योद्धा समारंभानें पुरण्यांत आला. बूलोनहून डोव्हरपर्यंत ब्रिटिश योद्ध्याची पेटी नेणाऱ्या लढाऊ जहाजाचें नांव 'व्हर्डन' होतें, आणि वेस्टमिन्स्टरच्या मठांत त्याच्यावर जी माती लोटली ती फ्रान्सची होती. आपला मुलगा घरीं येणार नाहीं हें ज्या लाखों घरांना ऐकवण्यांत आलें होतें, त्यांना तो एकच देह वांटून दिला गेला. तो आपलाच असेल असें मानण्याची प्रत्येकीला मोकळीक होती. अथेन्सच्या रिकाम्या शय्येचाच हा नवा अवतार म्हटला पाहिजे.

आतां ज्या शिपायाला या तिन्ही उत्तरांपैकीं एकही लागू पडलें नाहीं, त्याच्याकडे वळूं. १९१४ च्या हिवाळ्यांत फ्रान्समध्यें जखमी झालेले हिंदी शिपाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन येथील रुग्णालयांत ठेवले होते. तेथें त्यांच्या धर्माचारांची व्यवस्था खरोखरच काळजीपूर्वक राखली गेली. स्वयंपाकघरें वेगवेगळीं होतीं, आणि गांवाबाहेरच्या टेकडीवर दहनाची जागा मुक्रर केली होती. तेथें ५३ हिंदू व शीख शिपायांचें दहन झालें. मुसलमान शिपाई वोकिंगजवळच्या दफनभूमींत गेले. दहनभूमीवर पुढें संगमरवरी छत्री उभारली गेली, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजीं प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. रक्षा समुद्रांत विसर्जन करण्यांत आली.

येथें आम्हांस एक शंका विचारावीशी वाटते. देह परत न नेण्याला इंग्रजांनीं जीं कारणें दिलीं, म्हणजे बोटींची टंचाई, पेट्यांचा खर्च, रोगाची भीति, तीं सर्व पुरलेल्या देहाला लागू पडतात. अस्थींना त्यांतलें एकही लागू पडत नाहीं. हिंदु शिपायाच्या घराला देह नको होता. ओंजळभर अस्थि आल्या असत्या तर नाशकास किंवा प्रयागास नेऊन त्यांचें सार्थक झालें असतें. टपालाच्या थैलींत मावेल एवढें तें ओझें. तें पाठवावें काय, असें सातारच्या किंवा रत्नागिरीच्या कोणा शेतकरणीला पत्र गेल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. इंग्लंडांतील मातेला विचारून नंतर नकार देण्यांत आला असें म्हणावें, तर हिच्या बाबतींत नकार देण्याचेंही कोणास कारण पडलें नाहीं.

फ्रान्सच्या भूमीवर निदान नांवें तरी राहिलीं. ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं नव्ह शापेल येथें जें हिंदी स्मारक खुलें झालें, त्यावर चार हजार सातशेंहून अधिक हिंदी शिपाई व मजूर यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. मेसोपोटेमियांत तेंही घडलें नाहीं. तेथील मोहिमेचा पहिला भार ज्या सहाव्या डिव्हिजननें वाहिला तिचें नांवच पुणें डिव्हिजन होतें. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यांत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत शहर तुर्कांच्या हातीं पडलें. वेढ्यांतील उपासमारीनें खंगलेल्या कैद्यांना वाळवंटांतून अनातोलियाकडे चालवीत नेलें आणि वाटेंत ते शेंकड्यांनीं मेले. कबर असण्याचा प्रश्नच नव्हता. या मोहिमेंतील ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठीं १९२९ त बसरा येथें स्मारक उभें राहिलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. परंतु सामान्य हिंदी शिपाई पलटणीच्या नांवाखालीं केवळ आंकडा होऊन राहिला आहे. अमुक पलटण, आणि आणखी इतके इतके. केन्यनच्या अहवालांतील समता सुएझ कालवा ओलांडतांना कोठें तरी पाण्यांत पडली! त्या कमिशनच्या आजच्या वारसांनीं २०२१ त चौकशी करून, आफ्रिका व आशिया खंडांतील किमान एक लक्ष सोळा हजार मृतांचें नांवानें किंवा मुळींच स्मारक झालें नाहीं, हें कबूल केलें. बसऱ्याचें स्मारकही १९९७ त इराकी सत्ताधीशाच्या हुकमानें मूळ जागेवरून उपटून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटांत नेऊन ठेवलें गेलें. मेलेल्या आंकड्यांनाही स्वस्थता नाहीं.

इकडे गांवोगांवीं सरकारनें दगडी पाट्या बसविल्या. या गांवचे इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जण त्या युद्धांत पडले, आणि गांवाला एक स्तंभ मिळाला. त्या गांवानें पुढल्या प्रत्येक युद्धाला माणसें दिलीं, म्हणून त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. लष्करी चाकरीचा असा अभिमान दख्खनच्या कित्येक गांवांत आहे, आणि तो खोटा नाहीं. पण पाटीवरचा आंकडा वाचून त्यांतला आपला आजा कोणता हें नातवाला कळण्याची सोय नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत दोन्ही राष्ट्रांनीं आपापला जुनाच कित्ता गिरविला. अमेरिकेनें पुन्हां घरोघर पत्रें धाडलीं, आणि १९४७ ते १९५१ या काळांत सुमारे एक लक्ष एकाहत्तर हजार देह परत नेले. इंग्रजांनीं नेले नाहींत. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील यशवंत घाडगे हा मराठा पलटणीचा नाईक १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकट्यानें तोफखान्याच्या माऱ्यासारख्या मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडला आणि तेथेंच कामास आला. त्याचें व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या विधवेला मिळालें. त्याचें नांव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगांव येथें त्याचा पुतळा आहे. पदक आलें, पुतळा झाला; तो आला नाहीं.

यानंतरचा परदेशांतील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल, कारण त्यांत तत्त्वापेक्षां वेगच अधिक वाढला. कोरियांतील युद्ध चालू असतांनाच अमेरिकेनें देह परत नेण्यास आरंभ केला. व्हिएतनामपासून ते विमानानें दिवसांच्या हिशेबांत पोहोंचूं लागले. मग नवीनच अडचण उभी राहिली. पेट्यांचीं चित्रें वृत्तपत्रांत आलीं म्हणजे लोकांचें युद्धावरचें मन उडतें, असें सरकारला भय वाटूं लागलें, आणि १९९१ पासून डेलावेअरमधील डोव्हरच्या विमानतळावर छायाचित्रें घेण्यास मनाई झाली. ती २००९ त उठली. उठवितांना छायाचित्र घ्यावें कीं नाहीं हें घरच्यांना विचारावें असें ठरलें. इंग्लंडनेंही आपला जुना निर्बंध सैल केला. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर घरच्यांच्या इच्छेप्रमाणें ६४ देह स्वदेशीं आणले गेले. पुढें २००७ ते २०११ पर्यंत वुटन बॅसेट या आडगांवचे लोक इराक व अफगाणिस्तानांतून आलेल्या प्रत्येक पेटीसाठीं रस्त्याच्या दुतर्फा कोणी न सांगतां उभे राहत. अनामिक योद्धाही आतां अनामिक राहिनासा झाला आहे. आर्लिंग्टन येथें १९८४ त पुरलेल्या व्हिएतनाम युद्धांतील अनामिकाच्या अस्थींची १९९८ त नवीन डीएनए-परीक्षेनें तपासणी झाली, आणि तो वैमानिक लेफ्टनंट ब्लॅसी असल्याचें ठरून घरच्यांनीं त्याला सेंट लुईसला नेलें. ती जागा तेव्हांपासून रिकामी आहे.

स्वतंत्र भारतानें आरंभीं जुन्या हिंदी सैन्याचाच प्रघात चालविला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं लडाखांत रेझांग ला येथें तेराव्या कुमाऊँ पलटणीची एक तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. सुमारे १२० पैकीं शंभराहून अधिक जण पडले. पुढच्या वर्षाच्या आरंभीं बर्फ विरूं लागल्यावर त्यांचे देह सांपडले, कित्येकांच्या हातांत शस्त्रें तशींच होतीं. त्यांचा अग्निसंस्कार लष्करी मानानें त्याच डोंगरांत झाला. त्यांचे नायक मेजर शैतानसिंग यांचा देह मात्र विमानानें जोधपूरला नेण्यांत आला. या वीराचा मान कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ग्लॅडस्टनच्या नातवाचा देह निघाला तेव्हां वेअरला ज्या गोष्टीची भीति वाटली ती हीच होती. १९६५ व १९७१ च्या युद्धांतही बहुतेक शिपायांचें दहन वा दफन आघाडीच्या मागेंच झालें, आणि घरीं आल्या त्या अस्थि, सामानाची पेटी व तार.

हा प्रघात मोडला तो १९९९ च्या कारगिल युद्धांत. त्या युद्धांत ५२७ जण पडले, आणि शक्य तितक्या प्रत्येकाचा देह, मग तो कर्नलचा असो वा शिपायाचा, त्याच्या गांवीं पोहोंचविण्याचें सरकारनें ठरविलें. शिखरांवरून सोबत्यांनीं खांद्यावर वा दोरांनीं खालीं आणावा, तेथून लष्करी इस्पितळ, मग विमान, मग जवळच्या छावणींतून लष्करी मोटार, आणि शेवटीं गांवची वाट, असा तो प्रवास असे. ज्या वस्तींत कधीं तहसीलदारही फिरकला नव्हता तेथें तिरंग्यांत गुंडाळलेली पेटी आणि बंदुकींची सलामी पोहोंचली. तेव्हांपासून हाच रिवाज आहे. त्याचे दोषही आम्हांस दिसतात. गर्दी, घोषणा, पुढाऱ्यांचीं पुष्पचक्रें यांत घरच्यांच्या वांट्याला कित्येकदां कांहीं क्षणच येतात. अथेन्सच्या लोकांनीं त्यांना प्रथम वेळ दिला होता आणि भाषण शेवटीं ठेवलें होतें. तरी पण शिपायाच्या घराला त्याचा देह देणें हें सरकारचें देणें आहे, एवढें तत्त्व या देशांत त्या वर्षीं कबूल झालें.

तें देणें कधीं कधीं फार उशिरां फिटतें. २९ मे १९८४ रोजीं सियाचेनवर कुमाऊँ पलटणीच्या एकोणिसाव्या बटालियनची एक टोळी हिमलोटांत सांपडली. कांहींचे देह मिळाले, कांहींचे मिळाले नाहींत. ऑगस्ट २०२२ मध्यें गस्त घालणाऱ्या शिपायांना त्यांपैकीं एका लान्स नाईकचे अवशेष सांपडले. जवळ धातूचा बिल्ला होता, आणि त्यावर त्याचा लष्करी क्रमांक होता. दप्तरांत तो क्रमांक काढून पाहिला तेव्हां नांव लागलें. अडतीस वर्षांनंतर पेटी हल्द्वानीस आली. त्याची पत्नी हयात होती, आणि तो गेला तेव्हां ज्या दोन मुली अगदीं लहान होत्या, त्या आतां तो गेला त्या वेळच्या त्याच्या वयाहून मोठ्या झाल्या होत्या.